स्वयंचलित मोटार उभी करण्याचा शास्त्रोक्त विधी

गिअर बदलण्याचे कष्ट वाचावेत म्हणून जास्तीचे पैसे मोजून स्वयंचलित मोटार घेतलेल्या गृहस्थास ती उभी करतानाही हात हलवावा लागतो, हे कळल्यावर आपली फसवणूक झाल्याची भावना होणे स्वाभाविक आहे. त्यामुळे अनेक मालक दांडा 'पी'वर, म्हणजे 'पार्क'वर, सरकवून निर्धास्त उतरतात आणि हँडब्रेकला पिशवी अडकवण्याची खुंटी मानतात.

वस्तुतः 'पी' हा ब्रेकच नव्हे. तो लावल्यावर गिअरबॉक्समधील एक छोटा पोलादी अडसर दातेरी चाकाच्या खाचेत शिरून दाराच्या खिट्टीसारखा ते चाक अडवतो. हँडब्रेक मात्र बहुतेक गाड्यांत थेट मागची चाके आवळून धरतो. पाचगणीच्या उतारावर नुसत्या 'पी'च्या भरवशावर उभ्या केलेल्या गाडीचा सारा भार त्या खिट्टीवर येतो, निघताना दांडा हलता हलत नाही, आणि हलला की खालून 'खट्ट' असा आवाज येऊन मागे बसलेले पाहुणे गप्प होतात. अशा वेळी मालकाने नव्या गाड्यांत एवढे चालायचेच, असे म्हणून गाण्याचा आवाज वाढवावा, अशी रूढी आहे.

रूढी मोडू इच्छिणाऱ्यांसाठी विधी असा: पायाचा ब्रेक दाबून गाडी थांबवावी, दांडा 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर, आणून हँडब्रेक पुरता ओढावा, पाय अलगद सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा आणि मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी' लावावा. निघताना ब्रेकवर पाय ठेवून आधी 'पी' काढावा, हँडब्रेक नंतर सोडावा.

2014 मध्ये सेलेरिओ या मोटारीबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटी प्रकारात, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राकरवी हलवणाऱ्या गाड्यांत, बहुधा 'पी' नसतोच. तेथे हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे लागते. दांडा 'एन'वर ठेवून, हँडब्रेक न लावता उतरलेला मालक सोसायटीच्या उतारावर गाडीमागे धावताना दिसला, तर चालकाविना चालणाऱ्या मोटारीचे तंत्रज्ञान आपल्याकडे केव्हाच पोहोचले आहे, याबद्दल शंका उरू नये.

या विधीस एक अपवाद आहे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर ओढलेल्या हँडब्रेकचे लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटू शकतात. म्हणून सपाट जागा पाहून 'पी' किंवा गिअर लावावा आणि चाकांना दगड लावावेत. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 126 गाडी सोडून जाताना ब्रेक लावण्यास किंवा ती आपोआप हलणार नाही असा अन्य उपाय योजण्यास सांगते, तेव्हा दगडास कायद्यातही आधार सापडतो. मात्र निघताना तो उचलून कडेला टाकावा, कारण घाटरस्त्यात मागे राहिलेला दगड पुढच्या माणसाची गाडी कोणताही ब्रेक न लावता थांबवतो.