मणक्याचं कलम

मणके जोडायच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तीन गोष्टींना मनाई केली: वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, कमरेतून वळायचं नाही. मुरुडात मग माणसानं करायचं काय? वाडीतली सुपारी वाकून वेचायची, मासळी विळीवर बसून कापायची, आणि आमच्या जुन्या घराचं दार तर इतकं बुटकं की खुद्द सिद्दी नवाब आला असता तरी मान खाली घालूनच आत येता. मी हल्ली पडलेली सुपारी चपलेनं लोटत पायरीशी नेतो आणि एखादं पोर येण्याची वाट बघतो.

रात्री मात्र विनोद सुचत नाही. कूस बदलायची तर गुडघे जुळवून, खांदे आणि कंबर एकदम वळवायची. गोळी घड्याळ बघून घ्यायची, कळ यायची वाट बघायची नाही. कळ एकदा चढली की लवकर उतरत नाही. त्याच गोळीनं पोट तटतं, म्हणून उशाशी इसबगोलही.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक तेल सांगून जातो. एकानं मात्र नेमकं विचारलं, "खाऱ्या हवेत पाठीतले स्क्रू गंजत नाहीत का हो?" खिडक्यांचे गज जिथे बघता बघता खपल्या टाकतात, तिथे ही शंका रास्तच. पण टायटॅनियम गंजत नाही. शिवाय स्क्रू नुसते धरून ठेवतात. खरा सांधा हाडाचा, आणि तो धरायला कित्येक महिने जातात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा तर आणखी रेंगाळतो.

मणके सांधायची ही शस्त्रक्रिया १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी आपापल्या पद्धतीनं केली, मणक्याच्या क्षयाच्या रोग्यांवर. अल्बी लहानपणी आजोबांकडून फळझाडांची कलमं बांधायला शिकला होता. पुढे त्यानं रोग्याच्याच नडगीच्या हाडाची चीप काढून मणक्यांत बसवली. हे वाचल्यापासून डॉक्टरांपेक्षा आमच्या वाडीतल्या गड्यावर माझा जास्त विश्वास बसायला लागलाय.

चालणं हेच मुख्य औषध. समोर एवढा समुद्र, पण पुळणीवर जायचं नाही. तिथे उतार, एक पाय खाली पडतो. म्हणून किनाऱ्यालगतच्या डांबरी रस्त्यानं पट्टा आवळून, घोडागाड्यांना वाट देत चालतो.

परवा गड्याला अल्बीची गोष्ट सांगितली. त्यानं माझ्या पाठीकडे निरखून बघितलं. म्हणाला, "काका, कलम जगलंय तुमचं. पण धक्का लावू नका. आणि पाच वर्षं आंब्याची आशा धरू नका."