७५ वॉटचा माणूस

भाऊंच्या कॉम्प्युटरची एक बाजू कायम उघडी असते. तिचा पत्रा गॅलरीत असतो आणि उन्हाळ्यात त्यावर वहिनी सांडगे घालतात. आधी त्यावरून कुरबुर व्हायची. आता सांडगे वाळले की वहिनी स्वतःच विचारतात, "लावायचाय का आज?" आणि भाऊ म्हणतात, "नको, अजून बघतोय."

हे 'बघणं' २०१५च्या एप्रिलपासून चालू आहे. मुलाची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि त्याच महिन्यात 'जीटीए फाइव्ह' पीसीवर आला. घरातलं मशीन २०१२ला लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून, टॅक्सीचे पैसे वाचवत ग्रँट रोड स्टेशनपर्यंत खांद्यावरून आणलेलं. आय-थ्री २१००, एच-६१ बोर्ड, चार जीबी रॅम आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस. त्यावर ४५० वॉट असं छापलेलं होतं, पण तो हातावर जोखून भाऊ म्हणाले होते, "हा दोनशेच्या वर जायचा नाही. आत हवाच आहे." मुलाने ग्राफिक्स कार्ड मागितलं. भाऊ म्हणाले, "घेऊ की. पण आधी नीट बघून घेऊ."

त्या आठवड्यात भाऊंना ७५ हा आकडा भेटला. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. कार्डाची भूक त्याहून मोठी असली तर एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर द्यावी लागते. भाऊंच्या एसएमपीएसला ती वायरच नव्हती. हार्ड डिस्कच्या वायरवरून जोडणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो, हे मी सुचवून पाहिलं. भाऊ दुखावले. "म्हणजे खांबावर आकडा टाकायचा?" घराच्या हप्त्याखेरीज आयुष्यात कर्ज न काढलेला माणूस. वरून वायर न घेता चालणारं कार्ड हा त्यांना तांत्रिक निकष वाटलाच नाही, ते चारित्र्य वाटलं.

तसं कार्ड तेव्हा बाजारात होतं. जीटीएक्स ७५० टीआय, ६० वॉट. भाऊंनी त्यासाठी घातलेल्या वहीत त्याच्यापुढे बरोबरची खूणही झाली. पण लॅमिंग्टन रोडवरचा एकजण बोलून गेला की पुढची पिढी येतेय, आणि भाऊ थांबले. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये १०५० टीआय आलं, नेमकं ७५ वॉट. भाऊंनी पेढे आणले! पेढे संपल्यावर लक्षात आलं, की या कार्डाच्या पाठीवर निळ्या टोकाच्या जुन्या केबलचं भोकच नाही, आणि आपला मॉनिटर तेवढीच केबल ओळखतो. मॉनिटरचा शोध संपेपर्यंत क्रिप्टोवाल्यांनी दुकानं रिकामी केली.

पेढ्यांचा खोका वाया गेला नाही. त्याच्या पुठ्ठ्याचं भाऊंनी कार्ड कापलं, अगदी मापात, दोन स्लॉटांच्या जाडीचं, पंख्यांच्या जागी पेनाने गोल काढलेलं. ते आत बसवून बघितल्यावर कळलं की हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. पिंजरा एक खण खाली सरकवला. पुठ्ठ्याचं कार्ड मात्र तिथेच राहिलं. दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालतात तेव्हा भाऊ त्या पुठ्ठ्यालाही हळदकुंकू लावतात.

दर महिन्याचा एक शनिवार लॅमिंग्टन रोडचा. डोंबिवली फास्ट, दादरला बदलून ग्रँट रोड. मीही दोनदा गेलोय. सेकंडहँड कार्ड भाऊ पापलेटसारखं बघतात. कल्ले उचलून बघावेत तसा पंखा बोटाने फिरवतात, स्क्रूवर गंज आहे का पाहतात, मग नाकाला लावून वास घेतात. दुकानदार शपथेवर सांगतो, "साहेब, नुसतं पिक्चर बघायला वापरलंय." भाऊ शांतपणे कार्ड खाली ठेवतात. "दिवसरात्र पिक्चर बघत होता वाटतं."

माहिती मात्र सगळी मुखोद्गत. २०२२ला आरएक्स ६५०० एक्सटी आलं तेव्हा जिन्यात मला अडवून म्हणाले, "दिसायला सोळा लेनचं, आत तारा चारच. त्यात आपला बोर्ड जुना, लेनही हळू. म्हणजे नुसता मुंबई-गोवा महामार्ग!" सोसायटीतल्या निदान चार पोरांची कार्डं त्यांनी निवडून दिली आणि एकाचंही चुकलं नाही. दुसऱ्याचं कार्ड ते वीस मिनिटांत निवडतात. हे मी वहिनींना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मलाही दुसऱ्यांच्या सुना पटकन पसंत पडतात."

२०२४च्या फेब्रुवारीत आरटीएक्स ३०५०चं सहा जीबीवालं कार्ड आलं. ७० वॉट, वरून वायर नाही. मला वाटलं, सुटले. पण जुन्या बोर्डाचा बायॉस एवढं नवं कार्ड ओळखेल की नाही, ही नवी शंका निघाली आणि वहीत नवं पान लागलं.

मुलगा यथावकाश इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला. त्याच्या लॅपटॉपवर तो खेळ केव्हाच खेळून संपला. गेल्या दिवाळीला आला तो हातात डबा घेऊन. आत जीटीएक्स १६६० सुपर, मित्राकडून घेतलेलं. "बाबा, आता बास झालं बघणं."

आम्ही सगळे जमलो होतो. भाऊंनी कार्ड दोन्ही हातांनी बाहेर काढलं, उजेडात धरलं, वास घेतला, वरच्या कडेवर बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं.

"आठ पिनांचं आहे," भाऊ म्हणाले. "सव्वाशे वॉट."

मुलाचा चेहरा पडला. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

भाऊंनी कार्ड परत डब्यात ठेवलं, डबा देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि टेबलाच्या खणातून कोरी वही काढली. पहिल्या पानावर वर 'श्री' लिहिलं, खाली 'एसएमपीएस'. मग माझ्याकडे वळले. असा तजेला त्यांच्या चेहऱ्यावर मी १०५० टीआयनंतर पाहिला नव्हता.

"शनिवारी मोकळे आहात ना?"