तारीख विचारणाऱ्या यजमानांस

यजमान,

'सप्रेम नमस्कार' मुद्दामच लिहिला नाही. चवथ जवळ आली की तुमचं घर कामाला लागतं. गणपतीच्या शाळेत पाट पोचतो, भिंतींना रंग लागतो, मुंबईकरांची तिकिटं काढून होतात. मग घरातल्या प्रत्येक बाईची तारीख काढली जाते. तुम्ही स्वतः विचारत नाही. ते काम आईवर ढकलता, आणि सुनेला फोन जातो: "चवथीक आडचण नको हां, आदीच गोळये घेवन ठेव." पाळी हा शब्द तुम्ही कधी तोंडातून काढला नाहीत, पण ती कधी यावी हे मात्र तुम्हीच ठरवता. कुणी दिला हा अधिकार?

चवथीच्या आधी मालवणच्या बाजारातल्या एका मेडिकलमध्ये शेजारी उभी असलेली पंचविशीची मुलगी पुढचं गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत थांबून राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "त्या... पुढे ढकलूच्या." दुकानदाराने पट्टी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली, वर रबर लावलं. डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का, अर्धशिशी आहे का, अंगावरून अवेळी जातं का, दिवस तर गेलेले नाहीत ना, यातलं काहीच विचारलं नाही. "दिवसाक तीन," एवढंच. मुलीने पुडी पर्समध्ये तळाशी घातली आणि मान खाली घालून निघाली. त्या मुलीला मान खाली घालायला तुम्ही लावलंत.

आता त्या पुडीत काय आहे ते वाचा. औषधाचं नाव नॉरएथिस्टेरॉन. 5 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. तुमचा गणपती अकरा दिवसांचा आणि तिची तारीख नेमकी चवथीची, तर चौदा दिवसांत 42 गोळ्या तिच्या पोटात जातात. मळमळ, डोकेदुखी, स्तन दुखणं, अंग फुगणं हे अनेकींच्या वाट्याला येतं. बहुतेक निरोगी बायकांना थोड्या दिवसांत मोठा अपाय होत नाही, हे खरं. पण या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात बदलतो, आणि एवढ्या मात्रेत शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. जिला पूर्वी अशी गाठ झाली आहे, यकृताचा आजार आहे किंवा स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, तिने ही गोळी घ्यायचीच नाही. ती घ्यावी की नाही हे तिला तपासून डॉक्टरने सांगायचं असतं. तुम्ही डॉक्टर आहात?

आणि पाळी कुठे जात नाही. गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत येते. विसर्जन आटोपून तुम्ही ओटीवर आडवे होता, तेव्हा तुमची सून मुंबई-गोवा महामार्गावर तुंबलेल्या एसटीत पोट धरून बसलेली असते, पुढचं बरं संडास कधी येईल याची वाट बघत.

हे औषध 1951 साली मेक्सिकोत तयार झालं. त्याच्याच कुळातल्या एका औषधापासून बनलेली गर्भनिरोधक गोळी 1956 मध्ये पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर तपासली गेली, त्यांना पुरती माहिती न देता. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की 17 टक्के बायकांना चक्कर, मळमळ, डोकेदुखी होते. वरच्यांनी तक्रारी मनाचे खेळ म्हणून बाजूला सारल्या. तुमच्या घरात सुनेने "डोकां दुखता" म्हटल्यावर जे उत्तर मिळतं, ते याहून वेगळं नाही.

देवाचं नाव पुढे करू नका. तुमच्या गावची सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. वारूळ म्हणजे भूमीचं गर्भाशय, हे रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात विस्ताराने मांडलं आहे. भूमीच्या गर्भाशयापुढे नारळ ठेवता आणि घरातल्या बाईला त्याच गर्भाशयापायी मागीलदारी बसवता. त्याच देवीसमोर उभं राहून याचं उत्तर द्या.

एखादीला स्वतःलाच पाळी पुढे ढकलायची असेल, तर तो तिचा हक्क आहे. तिने डॉक्टरकडे जावं आणि ताठ मानेने गोळी घ्यावी. माझं भांडण तुमच्या हुकुमाशी आहे. या चवथीला तारीख विचारू नका. पाळी आली तरी तिला वाटलं तर तिने आरतीला उभं राहावं, फुगडी घालावी, वाटलं तर निजून राहावं. मोदकांना हात कमी पडले तर पुरुषांनी उकड मळावी, नारळ खवावेत.

आणि बहिणींनो, ज्यांनी गोळ्या सुरू केल्या असतील त्यांनी एवढं लक्षात ठेवा: एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, छातीत कळ आली किंवा अचानक धाप लागली, तर गोळी बंद करून थेट दवाखाना गाठा आणि कोणती गोळी घेत होता ते तिथे स्पष्ट सांगा. आपल्या जिल्ह्यातल्या गंभीर पेशंटला अजूनही गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागतं आणि चवथीत रस्ते भरलेले असतात. आरती होईपर्यंत थांबू नका.