आगाऊ परंपरा

तालुक्याच्या गावात शिकवणीवर्ग काढायचा म्हणजे फळा, खडू, सतरंजी आणि चार पोरं एवढं भांडवल पुरे, असा माझा समज होता. बाभुळगावच्या फ्लेक्सवाल्याने तो दुकानात शिरल्या-शिरल्या मोडीत काढला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये क्लासचं बॅनर तयारच होतं, फक्त नाव आणि मोबाइल नंबर बदलायचा. मधोमध सोनेरी अक्षरांत ‘यशाची उज्ज्वल परंपरा’ आणि त्याखाली बारा गोल. एकेका गोलात एकेक गुणवंत बसवायचा.

“ताई, पोट्ट्यायचे फोटो द्या.”

“पोरं यायचीत अजून. क्लास सोमवारपासून आहे.”

तो विचारात पडला. मग समजूतदारपणे म्हणाला, “मंग परंपरा राहू देऊ का? पुढं कामी पडन.”

मी परंपरा काढायला लावली. ‘हमखास’ काढायला लावलं. ‘तज्ज्ञ शिक्षकवृंद’ही गेला, कारण वृंदात मी एकटीच होते. एवढं सगळं गेल्यावर बॅनरवर जी मोकळी जागा उरली, ती पाहून त्याला माझी दया आली असावी. त्याने आपल्या मनाने एका कोपऱ्यात पृथ्वीचा गोल आणि दुसऱ्यात पदवीदानाची काळी टोपी टाकून दिली. वर्ग पाचवीतल्या पोरांच्या, नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा. टोपी कोणासाठी, हे मी विचारलं नाही.

ही काटछाट मी प्रामाणिकपणाने केली की धास्तीने, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. माझ्याकडे बी.एस्सी. आहे, बी.एड. आहे, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव आहे आणि ते तिथे सुखाने नांदतं आहे. पण गावासाठी मी अमक्याची पोरगी. जिला फ्रॉकमध्ये किराणा न्यायला आलेली पाहिली, तिच्या हातावर फीचे पैसे ठेवायचे म्हणजे माणूस बिचकणारच. पिकतं तिथे विकत नाही. त्यात यवतमाळच्या क्लासमध्ये एसी, आणि माझ्या ओसरीत एक पंखा, तोही भारनियमनाचं वेळापत्रक इमानाने पाळणारा.

गावातून मोठी माणसं निघालीच नाहीत असं नाही. ‘लोकमत’ हे दैनिक 1971 साली नागपुरात सुरू करणारे जवाहरलाल दर्डा इथलेच, 1923चा जन्म. पोरांच्या सत्कारात वक्ता हे नाव काढतो आणि म्हणतो, बघा, इथूनच माणूस केवढा झाला! बिचारा धीर द्यायलाच म्हणतो. माझ्यावर परिणाम उलटा होतो. वाटतं, गावाचा कोटा तेव्हाच संपला.

या असल्या वाटण्याचा अभ्यासही झालेला आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञ बायांनी 1978 साली त्यावर शोधनिबंध लिहिला. शिकलेल्या, नाव कमावलेल्या बायकांनाही आतून वाटत राहतं की आपण लोकांना फसवतो आहोत आणि आज ना उद्या आपलं पितळ उघडं पडणार. वाचून मला फार बरं वाटलं. मग ध्यानात आलं की त्या बायकांनी आधी नाव तरी कमावलं होतं. मला पितळ उघडं पडायची भीती भांडं विकत घेण्याआधीच लागली होती.

आधारासाठी माणूस मग मोठ्यांच्या चरित्रात शिरतो. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1890 साली सोडली, आणि पोटापाण्यासाठी पुण्यात वकिलीच्या परीक्षेचा खासगी क्लास चालवला. पुढे न. चिं. केळकर पुण्यात आले तेही आधी या क्लासच्या आणि वर्तमानपत्रांच्या मदतीला. शिवाय टिळकांनी भागीदारीत कापसाचं जिनिंग काढलं, 1891 साली, आणि कुठे, तर लातूरला! ज्या लातूरचा परीक्षांच्या तयारीचा ‘पॅटर्न’ पुढे महाराष्ट्रभर गाजला, तिथे क्लासवाल्या टिळकांनी सरकी काढावी, हा योग मला फार आवडतो. पण आत्मविश्वासाच्या बाबतीत टिळकांचा दाखला आपल्या कामाचा नाही. माझ्या क्लासला कोणी येईल का, या विचाराने ते रात्रभर कूस बदलत राहिले असतील, हे डोळ्यांपुढे येत नाही.

माझ्या कामाचे निघाले धोंडो केशव कर्वे. टिळक सोसायटी सोडून गेल्यावर तिच्याच फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला 1891 साली हे आले. माणूस भिडस्त. लहानपणी मुरुडहून शंभराहून अधिक मैल डोंगरघाट चालून ते साताऱ्याला परीक्षेला गेले, तर परीक्षकांनी वय कमी दिसतं म्हणून बसूच दिलं नाही. एवढं चालून गेल्यावर ‘तू तो वाटत नाहीस’ असं ऐकलेला मुलगा मोठा होतो आणि थेट टिळकांच्या विषयाचा तास घ्यायला वर्गात शिरतो. त्या दाराशी त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. ते आत गेले आणि 1914पर्यंत शिकवत राहिले, एवढं मात्र इतिहासात आहे.

कर्व्यांनी दिलेला धीर सरकारने काही दिवसांत काढून घेतला. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024मध्ये शिकवणीवर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गुणांची हमी द्यायची नाही, हे मी मान डोलावत वाचलं. सोळा वर्षांखालची मुलं घ्यायची नाहीत, इथे मान थांबली. माझी पोरं दहा वर्षांची! घाम पुसत मागे जाऊन व्याख्या वाचली, तर कोचिंग सेंटर म्हणजे पन्नासाहून जास्त विद्यार्थ्यांना शिकवणारं. सरकारच्या लेखी मी अस्तित्वातच नव्हते. इतका दिलासा मला कुठल्याही प्रेरणादायी भाषणाने दिलेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही नियम आणले. निवड झालेल्या विद्यार्थ्याचा फोटो, निवडीनंतर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय जाहिरातीत वापरायचा नाही. फ्लेक्सवाल्याचे बारा गोल अशा रीतीने दिल्लीहूनच अडचणीत आले.

तरी पालकांचा प्रश्न उरतोच. “आमचं पोट्टं लागन का जी नवोदयले?” जिल्ह्याचं नवोदय घाटंजी तालुक्यातल्या बेलोऱ्याला आहे. सहावीत घेतात जास्तीत जास्त 80 मुलं. यवतमाळ जिल्ह्याचे तालुके 16. हा भागाकार माझं कोणतंही पोरगं तोंडी करतं : तालुक्याला सरासरी 5. म्हणजे एकट्या बाभुळगावात सगळ्या क्लासवाल्यांनी ‘हमखास’ लिहायचं ठरवलं, तर जागा कमी आणि हमखास जास्त होतात. हे उत्तर पालकाला तोंडावर द्यायचं, आणि त्याने चप्पल घालण्याआधी पुढचं वाक्यही बोलायचं. ते पुढचं वाक्य माझ्याकडे बरेच दिवस नव्हतं.

ते मला शेकडेवारीच्या तासाला सापडलं. मागे बसणारा एक मुलगा होता. शेकडा म्हटलं की त्याचे डोळे छताकडे जायचे. नफा-तोटा झाला, पेन-पेन्सिली झाल्या, आंबे झाले. काही केल्या गाडी पुढे सरकेना. शेवटी विचारलं, “शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये नेला. रुईचा उतारा चौतीस टक्के. रुई किती?”

“चौतीस किलो,” तो छतावरून खाली उतरला.

“मग सरकी?”

“पासष्ट.”

वर्गात हशा. पहिल्या बाकावरून ‘सहासष्ट, सहासष्ट’ असा गजर झाला. तो जागचा हलला नाही. म्हणाला, “घट नाई जात का, मॅडम? कचरा उडते, ओल उडते. माह्या बाबाले इचारा.”

मी फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिली. पेपरात 66, कारण पेपर काढणाऱ्याने जिनिंग पाहिलेलं नसतं. जिनिंगात 65. मग उरलेला सगळा तास आम्ही घट किती टक्के, ओल जास्त असली तर भाव किती तुटतो, यातच घालवला, आणि पोरगं बोटांवर न मोजता भराभर सांगत गेलं. तास संपल्यावर मला जाणवलं की पाऊण तासात आपण कशा दिसतो, कोणाची पोरगी आहोत, एसी नाही, यातलं काहीच मनात आलं नव्हतं. मनात जागा नव्हती. तिथे रुई, सरकी आणि घट होती.

तेव्हापासून मी माझ्या शंकेची वाटणी केली आहे. ‘मला हे नीट शिकवता येतं का?’ ही शंका घरात ठेवायची. ती रात्री पुस्तक उघडायला लावते, एका उदाहरणाची तीन उदाहरणं काढायला लावते. तिच्या जिवावरच माझा क्लास चालतो. ‘मी शिक्षिका म्हणून शोभते का?’ ही दुसरी. ती विनम्र दिसते, पण लेकाची सगळं लक्ष स्वतःकडेच ओढते. तिला हाकलून काही उपयोग होत नाही, परत येते. समोर एखादं पोरगं छताकडे बघत असलं, की तिला आपोआप बसायला जागा मिळत नाही.

परवा एक काका मुलीला घेऊन आले. तोच प्रश्न. मी भागाकार करून दाखवला आणि पुढचं वाक्यही म्हटलं, “नवोदय लागेल की नाही ते सांगत नाही, काका. शेकडेवारी मात्र आल्याशिवाय सोडणार नाही.”

काकांनी टोपी सारखी केली. “म्हंजे यंदा व्यापाऱ्याचा हिशेब पोट्टी तपासन?”

“तपासेल. घटीसकट.”

“मंग टाका नाव. फी कापूस इकल्यावर.”

“किती विकल्यावर?” मुलीने विचारलं. फी एकूण विक्रीच्या किती टक्के पडते, हे तिला आधी काढायचं होतं म्हणे. शिकवायला सुरुवात करण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं, असं हे एकच प्रकरण माझ्याकडे आहे. तिचं नाव मी वहीत पहिल्या पानावर लिहिलं. परंपरा म्हणतात ती कुठून तरी सुरू करावी लागते.