भाव बघण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (येरमाळा आवृत्ती)

सोयाबीन मशीनमधून निघालं, पोती घरात रचली, की विकायची घाई करू नये. आधी भाव बघावा. भाव बघणे हे विकण्यापेक्षा मोठं काम आहे आणि त्याला येरमाळ्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. कळंब, बार्शी, धाराशिव, तिन्ही बाजार तासाभराच्या आत. ज्याला एकच बाजार जवळ, तो बिचारा माल घालून मोकळा होतो. आपल्याला तसं मोकळं होता येत नाही.

साहित्य : एक मोबाईल, एक चार्जर, हॉटेलातला कोपरा आणि घरच्यांचा संयम.

सुरुवात सरकारी ॲपपासून करावी. केंद्र सरकारने 2015 साली ॲग्रीमार्केट नावाचं ॲप काढलं. फोन जिथे असेल तिथून पन्नास किलोमीटरच्या आतल्या बाजारांचे भाव दाखवायचे, अशी त्याची रीत. येरमाळ्याच्या चौकात उभं राहून ही रीत लावली, की लातूर बाहेर पडतं. सोयाबीन पेरणाऱ्याला लातूर दिसू नये म्हणजे वरातीत नवरदेवच नाही. यावर उपाय एकच : फोन मुरूडपर्यंत पाठवून परत मागवणे.

ते जमत नसेल तर पणन मंडळाची वेबसाइट उघडावी. तिथे प्रत्येक बाजार समितीपुढे आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. नवशिका माणूस विचारतो, यातला आपला कुठला? असं विचारू नये. प्रत्येक रकान्याचं गिऱ्हाईक वेगळं आहे. कमीत कमी दर सोसायटीच्या सचिवाला सांगायचा, जास्तीत जास्त सोयऱ्यांना. सर्वसाधारण दर मनात ठेवायचा आणि रात्री त्याच्यावर कूस बदलायची. शेजारी ‘जात-प्रत’ असाही एक रकाना असतो. त्यात ‘पिवळा’ लिहिलंय की ‘डॅमेज’, हे बघितल्याशिवाय कुणाच्या बाजाराला नावं ठेवू नयेत. गेल्या हंगामात एका बाजाराचा भाव पडला म्हणून हॉटेलात निम्मी सकाळ शिव्याशाप चालले होते. तो भाव डॅमेज मालाचा होता.

2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5328 रुपये. हा आकडा वहीत सगळ्यात वर, लाल शाईने लिहावा. बघायला काही लागत नाही. घ्यायचा झाला तर नोंदणी, मेसेजची वाट आणि बारा टक्क्यांच्या आतला ओलावा लागतो, आणि मेसेज येईस्तोवर मुलीच्या कॉलेजची फी थांबत नाही.

आता मुख्य गणित. समजा, कळंबला 4300 आणि लातूरला 4450. वीस क्विंटल माल. दीडशे गुणिले वीस, तीन हजार रुपये. इथे कॅल्क्युलेटर बंद करून टेम्पोवाल्याला फोन लावायची इच्छा होते, ती आवरावी. लातूरचा तो भाव दहा हवेच्या मालाचा असतो. (हवा म्हणजे ओलावा, हे बाहेरच्यांसाठी. आपल्याकडे सोयाबीनला हवा असते आणि माणसांना मॉइश्चर.) तुमच्या पोत्यात व्यापाऱ्याने मीटर घातलं आणि चौदा दाखवली. टक्क्याला किलो धरून कटती लावली, तर क्विंटलमागे चार किलो, म्हणजे 178 रुपये गेले. दीडशे कमवायला निघालेला माणूस अठ्ठावीस रुपये मागे आला. हमाली, तोलाई आणि लातूरचं भाडं अजून खिशातच आहे. शिवाय पट्टी रोख की आठ दिवसांनी, हे कुठलंच ॲप सांगत नाही. त्यासाठी आडतीवर बसून, चहा येईपर्यंत गल्ल्याकडे न बघता बसण्याची सवय लागते.

इतकं झाल्यावर आत्मविश्वास डळमळतो. तेव्हा शिकागोला जावं. तिथला सोयाबीनचा भाव बुशेलवर असतो. बुशेल म्हणजे साधारण सव्वासत्तावीस किलो आणि भाव सेंटमध्ये. हा हिशेब रुपये-क्विंटलमध्ये आणेपर्यंत दुपार टळते, हाच त्याचा फायदा. आपल्याकडे सेबीने डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले, तेव्हापासून पुढचा भाव बघायची हक्काची जागा गेली. मग ती कामगिरी व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. तिथे ‘दिवाळीनंतर सहा हजार’ असा मेसेज दरवर्षी येतो. फॉरवर्ड करावा, पण त्याच्या भरवशावर पोती ठेवू नयेत. उंदरांच्या फोनवर तो मेसेज आलेला नसतो आणि ते वाट बघत नाहीत.

बघता बघता चैत्र येतो. पौर्णिमेच्या सुमारास येडेश्वरीच्या यात्रेला माणसांचा पूर लोटतो, चुनखडी वेचायला रान भरून जातं. त्या दिवसांत भाव बघावा, माल हलवू नये. मोकळा टेम्पो सापडला तरी तो गर्दीतून निघायचा नाही.

शेवटी कधीतरी माल जातो, बहुधा जिथे गाडी मिळाली तिथे. त्यानंतर हॉटेलात विचारणा होणार, ‘कायनं गेलं?’ जास्तीत जास्तचा रकाना आठवून आकडा सांगावा. ऐकणारा लगेच टेम्पोवाल्याला फोन लावेल. त्याला हवा, कटती आणि डॅमेजचा रकाना समजावून सांगायचा की नाही, हे तुमचं-त्याचं बांधावरून सध्या काय चाललंय ते बघून ठरवावं.