सान

हिंजवडीतल्या कंपनीनं कधी काळी तीन महिने ओसाकाला धाडलेला माणूस ओळखायला पासपोर्ट बघावा लागत नाही. तो दिसेल त्याला जपानी आदरार्थी ‘सान’ जोडतो. वहिनीसान, वॉचमनसान. मग लोकही त्याला नुसतं ‘सान’ म्हणू लागतात.

हिंजवडी मुळशी तालुक्यातच मोडते, त्यामुळे ताम्हिणीच्या वाटेवरच्या जुन्या खानावळीत तो घरच्यासारखा शिरतो. पत्र्याची शेड, धुरानं काळवंडलेली चूल, भिंतीवर ‘आमची कोठेही शाखा नाही’. ही पाटी वाचली की सानला हटकून क्योटो आठवतं. “तिथं होनके ओवारिया म्हणून दुकान आहे. १४६५ सालचं! महाराजांच्या जन्माआधी १६५ वर्षं!” ते निघालं मिठाईचं दुकान म्हणून, सोबा मागाहून आल्या, हे मात्र तो गाळतो. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. उन्हाळ्यात त्या बांबूच्या जाळीवर थंडगार येतात, वाटीतल्या काळसर सारात बुडवायच्या आणि ओढायच्या. आवाज करत!

लहानपणी आमटीचा भुरका मारला म्हणून धपाटे खाल्लेला हा गृहस्थ आता पिठल्याचाही भुरका मारतो. “तिकडे हा शिष्टाचार आहे.” शेजारच्या बाकावरचे आजोबा जन्मभर याच शिष्टाचारानं रस्सा ओढताहेत, पण त्यांच्या भुरक्यानं सानच्या कपाळाला आठी पडते.

मग बॅगेतून काड्या निघतात. इंद्रायणीचा भात मुळात चिकट, त्यामुळे पहिले दोन घास झकास उचलले जातात. तिसऱ्यावर आमटी पडते आणि भात विरघळतो. सान इकडेतिकडे बघतो, काड्या पुसून ठेवतो आणि पाचही बोटं ताटात घालतो.

“शेवटी काय करतात माहितेय, मावशीसान? सोबा उकडलेलं पाणी आणून देतात. उरलेल्या सारात ओतून प्यायचं. काही म्हणून वाया घालवत नाहीत!”

“पुरणाच्या कटाची आमटी करतोच की आम्ही,” मावशी भाकरी थापता थापता म्हणतात. “आन् भाताची पेज?”

“ते वेगळं हो. त्यांच्याकडे त्यामागे विचार असतो.”

मावशी विचार न करता त्याला आणखी भात वाढतात. तो चौथ्यांदा घेतो.

बिल देताना सान सुटे पैसे मोजून परत घेतो. जपानात टिप ठेवणं म्हणजे माणसाचा अपमान, असं तो जाता जाता वाढप्या पोराला समजावून सांगतो. पोराची मात्र आपला एकदा तरी सणसणीत अपमान व्हावा, अशी फार इच्छा आहे.