टायरकाका

सेकंडहँड गाडी घ्यायचं चाललंय, हे मी फक्त आईला सांगितलं होतं, आणि तेही कुकरची शिट्टी होत असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला टायरकाका दारात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक. चुंबक त्यांच्या फ्रिजवरचं होतं. त्याच्याखाली अडकवलेली गॅसची पावती काकू दिवसभर शोधत होत्या, हे मागाहून कळलं.

"बजेट?" चप्पल काढता काढता त्यांनी विचारलं.

"दीड लाख. त्यातच इन्शुरन्स आणि ट्रान्सफर."

"म्हणजे गाडीला एक पस्तीस," काका म्हणाले आणि सोफ्यावर बसले. आईनं न विचारताच चहा टाकला.

असे एक काका प्रत्येक आळीत असतात. लग्न जमवणारी आत्या, सातबारा वाचता येणारा मामा आणि गाडीतलं कळणारा काका, ही पदं आपल्याकडे निवडणूक न घेता भरली जातात आणि तहहयात असतात. आमचे टायरकाका स्वतःबद्दल "एसटीत होतो, दापोडीला" एवढंच सांगतात. दापोडीला एसटीचं मध्यवर्ती वर्कशॉप आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाना घेऊन बसखाली शिरलेले काका उभे राहतात. प्रत्यक्षात ते पगारबिलाच्या टेबलावर होते. पण तीस वर्षं मेकॅनिकांच्या ओव्हरटाइमचे तास तपासून कुठल्या कामाला किती वेळ लागतो हे त्यांना असं पाठ झालंय, की क्लचप्लेटला दिवस जाईल म्हणणारा गॅरेजवाला त्यांना बघून "या दुपारी" म्हणतो.

टायरकाका हे नाव लाथेमुळे पडलं. गाडीजवळ गेल्यावर ते आधी पुढच्या डाव्या टायरला लाथ मारतात. जोरात नाही, परक्याच्या घरी कडी वाजवावी तशी, बेतानं. या लाथेतून काय कळतं, हे मी त्यांना अकरा गाड्यांच्या वेळी अकरा वेळा विचारलं. "सवय लागली की कळतं," हे उत्तर अकरा वेळा मिळालं.

मला गाडी हवी होती ती चैनीसाठी नव्हे. घर सासवडला, कॉलेज कोंढव्याला. दोन वर्षं स्कूटीवरून बोपदेव घाट केला. उन्हाळ्यात तो घाट बरा असतो. जुलैत धुकं, वरून पाऊस आणि समोरून डंपर. 2021 च्या पावसाळ्यात एका वळणावर सांडलेल्या मुरमावरून घसरले. माझा गुडघा फुटला आणि स्कूटीचा आरसा. बाबांनी आरशाचे पैसे दिले आणि जाहीर केलं, पुढचा पावसाळा चार चाकांवर. नवी गाडी ऑन रोड चार लाखांच्या घरात जात होती. तो आकडा बाबांनी एकदाच मोठ्यानं उच्चारला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

तर मार्च 2022 पासून दर रविवारी मी आणि काका गाड्या बघत हिंडू लागलो. "मुलगी बघायला आलोय असं समजा," हा विनोद काका प्रत्येक दारात करत. प्रत्येक विकणारा हसे. मी शेजारी उभी असे, त्यामुळे तो जरा अवघडून हसे.

पहिली गाडी "डॉक्टरांची, सिंगल हँड" होती. सेकंडहँड गाड्यांच्या जगात डॉक्टर, बँक मॅनेजर आणि शिक्षिका सोडून कुणी गाड्या घेतच नसावं. आणि गाडी "लेडीज ड्रिव्हन" असली तर ती देवघरात ठेवल्यासारखी वापरली, असं गृहीत. गंमत अशी, की हे कौतुकानं सांगणारा माणूस चावी मात्र काकांच्या हातात देई आणि मला विचारी, "तुम्हाला कलर आवडला का?"

काकांनी चावी घेतली नाही. बोनेटवर तळहात ठेवला, लेकराचा ताप बघावा तसा, आणि डोळे मिटले.

"ताप आहे," ते म्हणाले.

"आताच जरा फिरवून आणली," विकणारा म्हणाला.

"आम्ही येतोय हे माहीत असताना फिरवून आणली?" थंड गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते का, धूर कुठल्या रंगाचा येतो, हे बघायचं असतं. गरम करून ठेवलेली गाडी म्हणजे मेकअप केलेला चेहरा, असं काका म्हणतात. पुढे मीटर पाहिला, बेचाळीस हजार. मग काका खाली वाकले आणि क्लचच्या पेडलचं रबर बॅटरीनं बघू लागले. ते गुळगुळीत झालं होतं, जुन्या पाट्यासारखं. "मीटर मागं फिरवता येतो, पोरी. रबर नाही फिरवता येत." डॉक्टरांचा बहुधा एक पाय सतत क्लचवर असावा, किंवा डॉक्टर एजंटच्या डोक्यातच राहत असावेत.

दुसरी गाडी मला फार आवडली होती. सांगली पासिंगची वॅगनआर, 2014 ची, किंमत सव्वा लाख. इतकी स्वस्त की मी बसमध्येच तिचं नाव ठरवलं. आत मोगऱ्याच्या अत्तराचा वास येत होता. काकांनी नाक वर केलं आणि काही न बोलता ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा ओढायला लागले. ओढत राहिले. माणूस बांधताना पट्टा जेवढा बाहेर येतो त्याच्या कितीतरी पुढे. शेवटच्या वितीवर मातकट डाग होता, अगदी सरळ रेषेत.

"पोहता येतं वाटतं गाडीला," काका म्हणाले. 2021 च्या जुलैत कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं होतं, त्या आधी 2019 ला शिरलं होतं. धुतलेल्या गाडीची बाहेरची माती जाते. पट्ट्याच्या गुंडाळीत आणि सीटखालच्या रुळांत राहते. परत येताना मी बसमध्ये गप्प होते. काकांनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला.

कागदांच्या बाबतीत तर त्यांच्यातला पगारबिलाचा कारकून जागा होई. आरसीचा कागद ते सातबाऱ्यासारखा वाचत. एकाच्या आरसीवर बँकेचा बोजा अजून तसाच होता. विकणारा म्हणाला, "कर्ज कधीच फिटलंय." काका म्हणाले, "मग बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 दाखव, पेढे आम्ही देतो." दुसऱ्या एकानं पन्नास टक्के नो क्लेम बोनस "गाडीसोबत फ्री" देऊ केला. काकांनी त्याला शांतपणे समजावलं, की तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तू नवी गाडी घेशील तेव्हा तुलाच उपयोगी पडेल. त्या माणसाला हे माहीतच नव्हतं. त्यानं खूश होऊन काकांना ताक पाजलं आणि दोन हजार कमी केले. तरी काकांनी ती गाडी घेऊ दिली नाही, कारण पुढच्या दारावर चुंबक धरेना. पत्रा ठोकून लांबी भरली, वर रंग मारला, की डोळ्यांना कळत नाही, चुंबकाला कळतं. आमच्या आंब्यानं त्या दिवशी सपशेल मान टाकली.

क्लचची परीक्षा मात्र बघण्यासारखी असे. गाडी सुरू, हँडब्रेक वर, तिसरा गिअर, आणि मग क्लच सोडून द्यायचा. हडपसरला एका गॅरेजसमोर काकांनी हे मला करायला लावलं. गाडीनं हिसका दिला आणि गप्प झाली. मालक धावत आला.

"अहो काका, बंद पाडली की गाडी!"

"पडायलाच पाहिजे."

"कालच सर्व्हिसिंग केलंय!"

"म्हणूनच पडली. क्लच चांगला आहे तुझा, अभिनंदन." क्लच झिजलेला असता तर इंजिन नुसतं ओरडत राहिलं असतं, हे त्याला समजावेपर्यंत तो इतका नाराज झाला, की चांगल्या क्लचची गाडी आम्हाला विकायलाच तयार होईना. काकांच्या सगळ्या कारकिर्दीत गाडी पास होऊन व्यवहार मोडला असा हा एकच प्रसंग.

चालवायची वेळ आली की काका डावीकडे बसत. गेली कित्येक वर्षं त्यांनी रहदारीत स्टिअरिंग धरलेलं नाही, हे माझ्या लक्षात तिसऱ्या रविवारी आलं. पण डावीकडे बसून ते गाडी पूर्ण चालवतात. वळणाआधी त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जातो. समोर म्हैस आली तर दोन्ही. घाटात मी दुसऱ्या गिअरवर असताना त्यांचा डावा हात हवेत पहिला टाकत असतो. उतरल्यावर ते माझ्याहून जास्त दमलेले असत.

मे संपत आला. अकरा गाड्या झाल्या होत्या. एकीचे टायर नवेकोरे होते, तर काकांनी स्टेपनी काढायला लावली. टायरच्या कडेला लहान चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गाडी 2013 ची आणि स्टेपनी 2009 ची निघाली. कुठून तरी उसनी आणलेली. खरी अडचण हीच होती, की काका बहुतेक वेळा बरोबर असत. त्यांचं चुकलं असतं तर मी भांडले असते. बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर तुम्ही फक्त पुढच्या रविवारी निघू शकता.

अशातच एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि अंगणातल्या कव्हरकडे बघून म्हटलं, "काका, तुमचीच द्या ना मला."

कव्हरखाली मारुती 800 आहे. पांढरी, 1997 ची. दर रविवारी सकाळी काका कव्हर काढतात, पुसतात, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात आणि पुन्हा कव्हर घालतात. पंधरा वर्षं झाल्यावर 2012 ला तिचं पासिंग नव्यानं करून आणलं, पुन्हा 2017 ला. ही गाडी डिसेंबर 1983 ला आली आणि जानेवारी 2014 ला बनायची थांबली, या दोन तारखा काका घरातल्या माणसाच्या असाव्यात तशा सांगतात. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर, खरेखुरे. सिंगल हँड, खरंखुरं. अपघात नाही, पाण्यात गेली नाही. अकरा विकणाऱ्यांनी आम्हाला जे जे खोटं सांगितलं होतं, ते ते सगळं या एका गाडीत खरं होतं.

"जेजुरीला नेलं होतं मला एकदा," काकू दारातून म्हणाल्या. "चौथा गिअर टाकायच्या आत पोचलो."

काका काही वेळ बोलले नाहीत. मग आत जाऊन बॅटरी आणि चुंबक घेऊन आले. मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी कव्हर काढलं, पुढच्या डाव्या टायरला लाथ मारली आणि खाली बसले.

"वाच," ते म्हणाले.

"तीनच आकडे आहेत."

"2000 च्या आधीच्या टायरवर तीनच असायचे." म्हणजे टायर गाडीबरोबर आलेले, पंचवीस वर्षांचे. कडांना बारीक भेगा होत्या. मग बोनेट उघडून त्यांनी होज पाइप दाबले, ते कडक होते, पापडासारखे. ब्रेकची रबरं, इंजिनची माउंटिंग, फॅनबेल्ट. प्रत्येक ठिकाणी बॅटरी थांबली. ते माझ्याशी बोलत होते तसेच बोलत होते, गाडी कुणा तिऱ्हाइताची असल्यासारखे.

"उभी गाडी कुजते, पोरी. ही घेऊ नकोस." चुंबक खिशात टाकलं. "शिवाय पंचवीस वर्षांत अडतीस हजार? उद्या विकायला काढलीस तर मीटर फिरवलाय म्हणतील."

काकू हसल्या. काकांनी कव्हर परत घातलं, चारही कोपऱ्यांना नीट ओढून.

जूनच्या शेवटी माउलींची पालखी सासवडला आली. दोन वर्षांच्या खंडानंतर पायी निघालेली वारी; दोन रात्रींचा मुक्काम, गाव नुसतं भरून गेलेलं. काका मंडपात वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायच्या सेवेत होते, आणि जाता जाता चपलांचे तळ बघून कोण किती चाललंय ते सांगत होते. त्याच दिवशी आमच्याच गल्लीच्या टोकाला एक 2012 ची आल्टो विकायची निघाली. शिक्षिकेचीच. मी आमच्या फ्रिजवरचं चुंबक काढून घेतलं. बोनेट थंड होतं. पट्टा शेवटपर्यंत ओढला. पेडलचं रबर, स्टेपनीचे चार आकडे, आरसी, क्लच. बाईंनी दीड सांगितले, मी एक बेचाळीसला आणलं आणि टोकन दिलं. हात थरथरत होते, पण टायरला लाथ मारायची विसरले नाही. काही कळलं नाही.

पालखी जेजुरीला गेल्यावर काका आले. गाडीला एक प्रदक्षिणा घातली, लाथ मारली, तेलाची पट्टी काढून रुमालाला पुसली, बराच वेळ वास घेतला. मी श्वास रोखून उभी.

"सात हजार जास्त दिलेस," ते म्हणाले आणि चहाला आत गेले.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला पुन्हा दारात. हातात बॅटरी, चुंबक, आणि मागे संकोचून उभा असलेला आळीतला एक मुलगा. वानवडीला एक सँट्रो बघायची होती. जायचं माझ्याच गाडीतून असं ठरलेलं होतं. काका डावीकडे बसले, पट्टा लावला, उजवा पाय मॅटवर ठेवला. पेट्रोलचा विषय कुणी काढला नाही.